अमिश धाटणीचं फ्राइड चिकन: मसाला घरी कसा जुळवायचा

अमिश मसाला नावाची एकच ठरलेली पुडी नसते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, ओहायोतली होम्स काउंटी आणि इंडियानाचा उत्तर भाग इथे अमिश शेतकऱ्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. स्वित्झर्लंड आणि जर्मन मुलखातून 18व्या शतकात त्यांचे पूर्वज तिकडे गेले. 1693 साली जाकोब अम्मान याच्या मागे जो गट वेगळा झाला, त्याच्यावरून अमिश हे नाव पडलं. हे लोक सार्वजनिक तारेवरची वीज घरात घेत नाहीत आणि मोटार बाळगत नाहीत. परसातला पाला, घरची कोंबडी, लोणी आणि डुकराची चरबी यांवर त्यांचा स्वयंपाक उभा आहे. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, पण साचा एकच: मीठ, काळी मिरी, कांदा, सौम्य लाल मिरची, सेलरी (लांब देठांची एक भाजी) आणि दोन-तीन वाळवलेले पाले. दालचिनी-लवंग त्यांच्याकडे आहे, पण ती सफरचंदाच्या गोड पदार्थांत. चिकनच्या पिठात ती जात नाही.

काळा मसाला आणि येसरावर वाढलेल्या जिभेला हे पहिल्या घासाला फिकं लागतं. इथेच बहुतेकांचा हात तिखटाच्या डब्याकडे जातो आणि प्रयोग बिघडतो. फिकं वाटलं तर आधी मीठ तपासा, मग मिरी वाढवा. तिखट आणि गरम मसाल्याला हात लावू नका. तिखट वाढलं की सेलरी आणि मरवा दिसेनासे होतात, आणि हाती येतं ते नेहमीचंच चिकन पकोडा.

काय घ्यायचं, कुठे मिळतं, त्याऐवजी काय चालतं

पाप्रिका म्हणजे रंग देणारी, जवळपास बिनतिखट मिरची. आपल्याकडे तिची जागा काश्मिरी किंवा ब्याडगी घेते. गुंटूर आणि लवंगी चालत नाही. तयार काश्मिरी पुडीतही कधी तिखट मिरची मिसळलेली असते, म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. ब्याडगी आणून देठ-बिया काढून दळली तर सगळ्यात चांगलं, कारण बराचसा तिखटपणा बियांना चिकटलेल्या पांढऱ्या शिरेबरोबर निघून जातो.

कांदा पूड आणि लसूण पूड तयार मिळते, पण मराठवाड्यात उन्हाळ्यात घरी करणं सोपं आहे. एप्रिल-मे महिन्यांतलं कोरडं ऊन हे फुकटचं ड्रायर आहे. सोललेला कांदा 2 मिलिमीटर जाडीचा कापा, सुट्टा पसरा, वर मलमल टाका. दोन-तीन उन्हांत काप कडक होतो. मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, आणि अशी पूड आठवड्यात दगड होते. एक किलो सोललेल्या कांद्याचे साधारण 100 ते 120 ग्रॅम वाळलेले काप पदरात पडतात. लसणाच्या पाकळ्यांचे पातळ काप करून तसेच वाळवा. ओला कांदा-लसूण वाटून पिठात घालण्याचा मोह टाळा. पाण्यामुळे पिठाच्या गोळ्या होतात, आणि तेलात लसूण चिकनच्या आधी जळतो.

सेलरी ही या मसाल्याची ओळख. लँकेस्टरच्या अमिश लग्नांत शिजवलेली सेलरी आणि पाव-सेलरीत कालवलेलं कोंबडीचं मांस ताटात असतंच. एखाद्या घराने बागेत नेहमीपेक्षा जास्त सेलरी लावली, की पोरीचं लग्न ठरल्याचं शेजारीपाजारी ओळखतात. आपल्याला लागतं ते तिचं बी. काष्ठौषधीच्या दुकानात ते अजमोदा म्हणून मागा. संभाजीनगरात गुलमंडीकडे, लातुरात गंजगोलाईभोवती शोधा. मात्र अजमोदा या नावाखाली एकापेक्षा जास्त जातींचं बी विकलं जातं. दोन दाणे चावून बघा. ओव्यासारखी जीभ झोंबली तर ते आपलं नव्हे. सेलरीचं बी बारीक, तपकिरी असतं, चव कडवट-हिरवी आणि सूपाची आठवण करून देणारी. मिळालंच नाही तर मॉलमधलं सेलरी सॉल्ट घ्या आणि तेवढं मीठ दुसरीकडे कमी करा.

मरवा विकत आणायची गरज नाही. गजऱ्यात मोगऱ्याच्या जोडीला जो मरवा ओवतात, तोच तिकडचा मार्जोरम. फक्त फुलबाजारातला आणू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते. कुंडीतला खुडा, सावलीत वाळवा, देठ काढून हाताने चुरा. उन्हात वाळवला तर वास उडतो आणि रंग मातकट होतो.

थाईम या वाळवलेल्या पाल्याची बाटली मिळते. नसेल तर ओवा. दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे, पण ओव्यात तेल बरंच जास्त असतं. म्हणून 2 ग्रॅम थाईमऐवजी अर्धा ग्रॅमच ओवा, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग. त्याहून पुढे गेलात की ओव्याच्या पानांची भजी खाल्ल्यासारखं होतं.

सेज या पाल्याला आपल्याकडे जोडीदार नाही. बाटली मिळाली तर वापरा, नाही तर सोडून द्या आणि मरवा 1 ग्रॅम वाढवा. सेज जास्त झालं की औषधी वास येतो, म्हणून तो सगळ्यात कमी.

मोहरीची पूड तिकडे पिवळ्या, सौम्य मोहरीची असते. आपली काळी मोहरी तिखट आणि कडवट, म्हणून प्रमाण निम्मं. मोहरीचा झणका ओली झाल्यावरच तयार होतो आणि कढत तेलात तो बराचसा निघून जातो. पिठात ती तिखटपणासाठी नसून खाली राहणाऱ्या खमंगपणासाठी असते. झणका येत नाही म्हणून वाढवत गेलात तर फक्त कडू होईल.

मूळ मिश्रण

खालचं प्रमाण 60 ग्रॅमचं आहे, दोन किलो चिकनला पुरतं. यात मीठ नाही, ते मुद्दामच बाहेर ठेवलंय.

काश्मिरी किंवा ब्याडगी पूड 15 ग्रॅम
कांदा पूड 12 ग्रॅम
लसूण पूड 10 ग्रॅम
काळी मिरी 10 ग्रॅम
पिवळ्या मोहरीची पूड 4 ग्रॅम (काळी असेल तर 2)
अजमोदा 3 ग्रॅम
मरवा 3 ग्रॅम
थाईम 2 ग्रॅम (किंवा ओवा अर्धा ग्रॅम)
सेज 1 ग्रॅम

सोनाराच्या वजनकाट्यासारखा 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. चमच्यांवर भरवसा का नाही, ते यावरून कळेल: चहाचा एक सपाट चमचा मीठ 6 ग्रॅम भरतं, लसूण पूड 3 ग्रॅम, मिरीपूड सव्वादोन-अडीच, आणि चुरलेला मरवा जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम. म्हणजे चमचा तोच राहतो आणि वजनात दहापट फरक पडतो.

काहीही भाजायचं नाही. आपल्या मसाल्यात भाजणं हाच जीव असतो, इथे मात्र भाजण्याचं काम कढई करते. आधी भाजलेला मसाला तेलात दुसऱ्यांदा भाजला जातो आणि जळका लागतो. मिरी ऐनवेळी जाडसर कुटा, रव्याइतकी. अजमोदा आणि मोहरी मात्र अगदी बारीक, वस्त्रगाळ. जाड राहिली तर दातांखाली वाळू आल्यासारखं वाटतं. मिक्सर थांबवत-थांबवत चालवा, भांडं गरम झालं की वास तिथेच उडून जातो. सगळं एकत्र करून चाळणीतून दोनदा काढा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत एक रात्र ठेवा.

प्रयोग कसा करायचा

मीठ बाहेर ठेवण्याचं कारण इथे आहे. मिश्रणात मीठ असलं, की मसाला वाढवताना मीठही वाढतं आणि नेमकं काय आवडलं ते कळत नाही. प्रत्येक वेळी मीठ वजनावर ठरलेलं: चिकनला किलोमागे 12 ग्रॅम, पिठाला 250 ग्रॅममागे 5 ग्रॅम.

पूर्ण कोंबडी तळून चाचणी घेऊ नका. बोनलेस मांडीच्या बोटभर पट्ट्या घ्या. दर 100 ग्रॅमला 25 ग्रॅम पीठ, पिठात 2 ग्रॅम मसाला, दह्यात 1 ग्रॅम. एका वेळी तीनच वाट्या मांडा: एक मूळ मिश्रणाची, दोन बदलाच्या. दर वाटीत बदल एकच. अजमोदा दुप्पट करताना मिरी कमी केलीत, तर निकाल कशाचा हे सांगता येणार नाही. वाट्यांना अ, आ, इ अशा चिठ्ठ्या लावा आणि प्रमाण लिहून ठेवा, कारण तळल्यावर तिन्ही सारखेच दिसतात.

चव दोनदा घ्या: तेलातून काढल्यावर पाच मिनिटांनी आणि कोमट झाल्यावर वीस मिनिटांनी. गरम असताना कुरकुरीतपणा आणि मिरीच पुढे येतात. पाल्याचा वास आणि कडवटपणा कोमट घासात उघडे पडतात. मधे पाणी आणि कोरड्या भाकरीचा तुकडा. ठेचा खाऊन चाचणीला बसलात तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द समजा.

रोज तळणं जमत नसेल तर उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर वितळलेलं लोणी, चिमूट मीठ आणि मसाला घालून बघा. पाल्यांचा वास स्निग्धात उतरतो, त्यामुळे मिश्रण कुठे झुकलंय याचा अंदाज येतो. शेवटचा निर्णय मात्र तळूनच घ्या.

एकेका घटकाचा अंदाज आला, की हे तीन वेगळे साचे करून पाहण्यासारखे आहेत. एक, पाल्याकडे झुकलेलं: अजमोदा 4, मरवा 5, थाईम 3 ग्रॅम आणि लाल मिरची 10 वर आणायची. स्किनसकट चिकनला हे उत्तम. दोन, मिरी-मोहरीचं: मिरी 15, मोहरी 6, पाला निम्मा. मराठवाड्यातल्या पाहुण्यांना बहुधा हेच आवडेल. तीन, आपल्या मातीतलं: थाईमऐवजी ओवा, पिठात थोडी ज्वारी आणि तळायला करडईचं रिफाइंड तेल.

काळा मसाला घालायची इच्छा होणारच. पिठात घालू नका. त्यातलं खोबरं आणि दगडफूल आधीच तेलावर भाजलेलं असतं, कढईत ते काळं पडतं, आणि खोबऱ्याच्या तेलाने पिठाचे खडे होतात. फारच वाटलं तर किलोला 2 ग्रॅम, तोही दह्यात. मग त्याला अमिश म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अनेक तयार बाटल्यांत साखर आणि अजिनोमोटो असतं. घरचं मिश्रण त्यापुढे पोकळ वाटतं ते बहुतेक यामुळेच. अजिनोमोटोशी वावडं नसेल तर पिठात किलोला 1 ग्रॅम घाला. साखर किंवा गूळ पूड घालू नका, चिकन शिजायच्या आत आवरण काळं होतं.

चिकन आणि दही

सव्वा किलोची साफ केलेली ब्रॉयलर घ्या. दुकानदार सवयीने रश्श्याचे बारीक पीस करतो, म्हणून आधीच सांगा: आठ पीस, स्किनसकट. दोन तंगड्या, दोन मांड्या, छातीचे चार. स्किनची चरबी वितळून आवरणाला आतून खमंग करते. स्किन काढलेलं असेल तर मांस फडक्याने नीट कोरडं करा, नाही तर पीठ सोलल्यासारखं निघतं. गावरान कोंबडी या पद्धतीने शिजत नाही, आवरण जळेपर्यंत आत चिवटच राहते. ती वापरायची असेल तर मीठ घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या, गार करा, पुसून कोरडी करा आणि मग पिठात घोळवा. उरलेलं पाणी फेकू नका, पुढे लागेल.

चिकनला मीठ चोळून अर्धा तास ठेवा. तिकडच्या कृतींत बटरमिल्क असतं, पण आपलं ताक त्यापेक्षा पातळ. एक किलोला 200 ग्रॅम दही, 80 मिलिलिटर पाणी आणि 8 ग्रॅम मसाला एकत्र फेटा. दही ताजं हवं. फार आंबट दह्याने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. फ्रिजमध्ये 4 ते 12 तास. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका. स्वयंपाकघराचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त वेळ कच्चं चिकन बाहेर राहता कामा नये, आणि मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही तेवढं असतं. लाइट गेली तर बर्फाच्या परातीत भांडं ठेवा.

पीठ आणि कढई

एक किलो चिकनला मैदा 200 ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाचं पीठ 50 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, मसाला 22 ग्रॅम. ज्वारी वापरायची तर तांदळाच्या पिठाऐवजी 50 ग्रॅम घाला, फार तर 70. ज्वारीत चिकटपणा धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं. जास्त झाली की आवरण ठिसूळ होऊन कढईत गळतं आणि तेल गढूळ होतं.

दह्याच्या मिश्रणाचे तीन चमचे या पिठात शिंपडून बोटांनी चोळा. बारीक रवाळ कण तयार होतात, तेच तळल्यावर कुरकुरीत टोकं होतात. पीस निथळून पिठात दाबून घोळवा, झटका आणि जाळीवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. ही पायरी गाळली तर पीठ कोरडंच तेलात जातं आणि अर्धं खाली बसून जळतं. पृष्ठभागावर पांढरे डाग दिसत असतील तर अजून थांबा.

अमिश घरांत परंपरेने चरबी किंवा लोणी-चरबीत जाड लोखंडी तव्यावर तळतात, पीस निम्मेच बुडतील इतपत. आपल्याकडे बिडाची कढई किंवा खोलगट तवा चालतो. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) तेल रिफाइंड करडई किंवा शेंगदाण्याचं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास इतका दणकट, की मरवा आणि सेज त्यात बुडून जातात.

तेल 170 अंशांवर आणा. पीस टाकले की ते 150 च्या आसपास उतरतं, मग 150 ते 160 मध्ये धरून ठेवा. एका वेळी चारपेक्षा जास्त पीस नकोत. तंगडी आणि मांडीला 14 ते 16 मिनिटं, छातीला 10 ते 12, मधे एकदाच उलटा. निम्मे बुडलेले पीस असतील तर पहिली पाच मिनिटं झाकण ठेवा, नंतर काढा. झाकण शेवटपर्यंत राहिलं तर वाफेने आवरण मऊ पडतं. हाडाला न टेकवता सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसल्यावर 74 अंश दिसले पाहिजेत. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही गुलाबी छटा राहू शकते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. थर्मामीटर नसेल तर एक पीस हाडापर्यंत कापून बघा.

बाहेर काळं, आत कच्चं निघालं तर तेल फार तापलंय किंवा मिरची पूड जास्त आहे. आवरण तेलकट असेल तर तेल थंड होतं किंवा कढईत गर्दी झाली. कडू लागलं तर क्रमाने तपासा: लसूण पूड जळली का, अजमोदा जास्त पडला का, मोहरी काळी होती का. मसाला वरवर लागतो आणि आत मांस अळणी, असं असेल तर चूक मसाल्याची नाही. चिकनला मीठ लावायचं राहिलंय किंवा दह्यात वेळ कमी मिळालाय. आणि तळलेले पीस टिपकागदावर ढीग करून ठेवू नका, जाळीवर ठेवा. खालची बाजू स्वतःच्या वाफेत भिजते.

तिकडे सोबत कुस्करलेला बटाटा आणि ग्रेव्ही असते. कढईतलं 30 ग्रॅम तेल गाळून घ्या, त्यात 25 ग्रॅम मैदा बदामी होईपर्यंत परता, चिकन उकडलेलं 400 मिलिलिटर पाणी हळूहळू घालत ढवळा आणि 2 ग्रॅम मसाला घाला. मूळ कृतीत दूध असतं. मांसाबरोबर दूध आपल्याकडे अनेक घरांत चालत नाही, आणि पाण्याने चवीत फारसं बिघडत नाही. गावरान कोंबडीचं कुकरमधलं पाणी असेल तर ग्रेव्ही उलट जास्तच चांगली होते.

वापरलेलं पीठ कितीही उरलं तरी फेका, त्याला कच्चं चिकन लागलेलं असतं. कोरडा मसाला काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात, शेगडीपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात पाल्याचा वास लवकर उतरतो, म्हणून 60 ग्रॅमच करा. पावसाळ्यात कांदा-लसणाची पूड हवेतली ओल ओढून घट्ट होते. 60 ग्रॅमला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर मिसळा आणि बरणीत ओला चमचा घालू नका. गुठळ्या झाल्या आणि वास चांगला असेल तर चाळून चालतं. कुबट वास आला तर टाकून द्या.